ॲपला स्वतःचं व्हर्जन कुठून कळतं?

बहुतेक ॲपमध्ये 'माहिती' किंवा 'अबाऊट' अशा नावाच्या पडद्यावर अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते: व्हर्जन ४.१२.०, बिल्ड ३८७. एरवी तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. ॲप बिघडलं आणि तक्रार केली, की मात्र समोरून पहिला प्रश्न येतो, "व्हर्जन कोणतं आहे?" मग सगळा तपास त्या ओळीच्या भरवशावर चालतो. ओळच खोटी असेल, तर दोष भलत्याच कोडमध्ये शोधला जातो.

नवशिका प्रोग्रामर ती ओळ सरळ हाताने टाइप करतो. पहिल्या रिलीजला ती बरोबर असते. दुसऱ्या वेळी तो आठवणीने बदलतो. मग कधीतरी घाईघाईत एक छोटी दुरुस्ती बाहेर पडते, स्टोअरवर ४.१२.१ जातं आणि पडद्यावर ४.१२.० तसंच राहून जातं. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ॲप नीट चाललेलं असतं, एकही टेस्ट नापास होत नाही, कंपायलर कुरकुर करत नाही. म्हणून या विषयात एकच नियम मला खरा महत्त्वाचा वाटतो: व्हर्जन एकाच जागी लिहायचं आणि बाकी सगळ्यांनी ते विचारून घ्यायचं. ती जागा कोणती आणि विचारायचं कोणाला, इथे मात्र बरेच खाचखळगे आहेत.

आकडा राहतो कुठे

ॲप म्हणजे नुसता कोड नव्हे. स्टोअरमधून फोनवर येतं ते एक पॅकेज. त्यात कंपाइल झालेला कोड असतो, चित्रं असतात, आणि सोबत ॲपची ओळख सांगणारी एक फाइल असते. अँड्रॉइडवर तिला मॅनिफेस्ट म्हणतात, आयफोनवर इन्फो-प्लिस्ट. ॲपचा आयडी, त्याला लागणाऱ्या परवानग्या आणि त्याचं व्हर्जन, हे सगळं तिच्यात. ॲप इन्स्टॉल करताना ऑपरेटिंग सिस्टीम ही फाइल वाचते. पुढे ॲपच्या कोडला आपलं व्हर्जन हवं झालं, तर अँड्रॉइडवर तो सिस्टीमला विचारतो, "या आयडीचं पॅकेज तुझ्याकडे आहे ना, त्याची माहिती दे." आयफोनवर तो आपल्याच पॅकेजमधल्या त्या फाइलीत बघतो. दोन्हीकडे उत्तर येतं ते प्रत्यक्ष इन्स्टॉल झालेल्या पॅकेजचं. लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा त्यात काही संबंध उरत नाही.

या फाइलीत व्हर्जनचे आकडे दोन असतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'तिसरी आवृत्ती' आणि त्याखाली 'पाचवे पुनर्मुद्रण' छापलेलं असतं, तसंच काहीसं समजा. वाचकाला आवृत्ती पुरते, पण एखाद्या प्रतीत छपाईची चूक निघाली, तर प्रकाशकाला पुनर्मुद्रणही सांगावं लागतं. ॲपच्या बाबतीत पहिला आकडा माणसांना दाखवायचा आणि दुसरा यंत्रांनी वापरायचा. ४.१२.० या एकाच नावाखाली टेस्टिंगसाठी दहा वेगवेगळे बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेली पॅकेजं, बाहेर पडलेले असू शकतात. म्हणून तक्रारीच्या नोंदीत नुसतं '४.१२.०' आलं, तर ती नोंद अर्धवट आहे.

अँड्रॉइडची गोष्ट

अँड्रॉइडवर माणसांसाठीचा आकडा म्हणजे व्हर्जन-नेम. ती साधी अक्षरांची माळ आहे, तिच्यात काय लिहावं यावर सिस्टीमचं फारसं बंधन नाही. यंत्रासाठीचा आकडा म्हणजे व्हर्जन-कोड, आणि तो पूर्णांकच असावा लागतो. जुनं कोणतं, नवं कोणतं हे ठरवताना सिस्टीम फक्त व्हर्जन-कोड बघते. व्हर्जन-नेम ४ वरून ५ वर गेलं पण कोड आधीपेक्षा लहान ठेवला, तर अपडेट म्हणून ते पॅकेज नाकारलं जातं. उलट नाव तेच ठेवून कोड एकाने वाढवला, तर फोनच्या दृष्टीने ते अगदी रीतसर नवं व्हर्जन.

हल्ली हे दोन्ही आकडे ॲप मॉड्यूलच्या ग्रेडल फाइलीत (ग्रेडल म्हणजे कोडपासून पॅकेज बांधणारं साधन), डिफॉल्ट-कॉन्फिग या भागात लिहितात. पूर्वी ते थेट मॅनिफेस्टमध्ये लिहीत. कोणी दोन्हीकडे लिहिले, तर ग्रेडलचा आकडा चालतो आणि मॅनिफेस्टमधला मुकाट्याने पुसला जातो. जुन्या प्रोजेक्टमध्ये "आकडा बदलला तरी बदलत का नाही?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

व्हर्जन-कोडला गूगल प्लेने कमाल मर्यादा घातली आहे: २,१०,००,००,०००, म्हणजे २१० कोटी. कोणाला वाटेल, एवढ्या आकड्यापर्यंत कोण जाणार? पण आकडा आपोआप वाढावा म्हणून काही जण बिल्डच्या वेळेचे सेकंद वापरतात, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले. ते सेकंद आजच १७० कोटींच्या पुढे आहेत आणि जुलै २०३६ मध्ये २१० कोटी ओलांडतील. वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिटं सलग लिहिण्याची कल्पना तर पहिल्याच दिवशी कोसळते, कारण तो बारा अंकी आकडा त्या मर्यादेत बसतच नाही. आणि इथे माघार नाही. एकदा मोठा व्हर्जन-कोड स्टोअरवर गेला की पुढचा त्याहून मोठाच हवा. नवं व्हर्जन फसलं आणि जुनंच परत आणायचं ठरलं, तरी जुना कोड नवा, मोठा क्रमांक देऊन चढवावा लागतो. त्यामुळे व्हर्जन-कोड मोठा म्हणजे आतला कोडही नवा, असं दर वेळी धरून चालता येत नाही.

आता वाचायचं कसं? पहिला मार्ग पॅकेज-मॅनेजरचा. ॲपने आपला आयडी द्यायचा, गेट-पॅकेज-इन्फो हे फंक्शन बोलवायचं आणि मिळालेल्या वस्तूतून व्हर्जन-नेम आणि व्हर्जन-कोड काढायचे. तीन ओळींचं काम. मात्र काळाच्या ओघात या तीन ओळींना ठिगळं लागली आहेत. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ मध्ये व्हर्जन-कोडचा जुना ३२ बिटांचा आकडा मोडीत काढून ६४ बिटांचा आणला गेला. जुनं फील्ड अजून चालतं, पण एडिटर त्यावर काट मारून दाखवतो. पुढे अँड्रॉइड १३ मध्ये गेट-पॅकेज-इन्फोचंही नवं रूप आलं. जुन्या आणि नव्या दोन्ही फोनवर चालणारं ॲप असेल, तर ॲन्ड्रॉइडएक्स या गूगलच्या तयार कोडच्या संचातला पॅकेज-इन्फो-कॉम्पॅट नावाचा मदतनीस वापरावा. निदान ६४ बिटांच्या आकड्यासाठी आवृत्ती तपासणारे 'जर-तर' आपल्याला लिहावे लागत नाहीत.

'पॅकेज सापडलं नाही' ही चूक या फंक्शनकडून येऊ शकते. स्वतःचंच पॅकेज न सापडणं प्रत्यक्षात संभवत नाही, तरी कोड जावात असेल तर कंपायलर ती शक्यता हाताळायला लावतो. व्हर्जन-नेम मात्र खरोखरच रिकामं असू शकतं, तेव्हा तिथे काळजी घ्यावी. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्या ॲप्सची माहिती सहज मिळत नाही, आधी मॅनिफेस्टमध्ये तसं जाहीर करावं लागतं. स्वतःच्या माहितीवर अर्थातच असली बंदी नाही.

दुसरा मार्ग बिल्ड-कॉन्फिगचा. ॲप तयार होत असताना ग्रेडल एक छोटा क्लास स्वतः लिहितं आणि त्यात व्हर्जनचे दोन्ही आकडे स्थिरांक म्हणून ठेवतं. सिस्टीमला काही विचारायला नको, कॉन्टेक्स्ट (सिस्टीमशी बोलायला लागणारी वस्तू) नको, कुठूनही वाचा. सोयीचा म्हणून हाच जास्त वापरला जातो. फक्त अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनच्या ८.० पासून हा क्लास आपोआप तयार होत नाही, बिल्ड-फीचर्समध्ये तो मुद्दाम चालू करावा लागतो. जुना धडा बघून टाइप केलेला कोड 'बिल्ड-कॉन्फिग सापडत नाही' म्हणून अडला, तर कारण हे. लायब्ररी मॉड्यूलच्या (ॲपमध्ये जोडायच्या वेगळ्या कोडच्या) बिल्ड-कॉन्फिगमधून तर व्हर्जनचे आकडे प्लगइनच्या ४.१ पासूनच काढून टाकले आहेत, आणि ते योग्यच झालं. लायब्ररीचं व्हर्जन ॲपचं समजून दाखवलं जायचं.

दोन्ही मार्गांचं उत्तर नेहमी सारखंच येतं का? बहुतेक वेळा हो. पण वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगवेगळी पॅकेज काढताना प्रत्येकाला वेगळा व्हर्जन-कोड द्यायची पद्धत आहे. असा कोड बिल्डच्या शेवटच्या टप्प्यावर बदलला, तर बिल्ड-कॉन्फिगमध्ये मूळचाच राहतो आणि पॅकेज-मॅनेजर बदललेला सांगतो. फ्लटरने (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवणारं साधन) प्रोसेसरनिहाय पॅकेज काढली, तर ६४ बिटांच्या आर्म फोनसाठी मूळ आकड्यात २००० मिळवले जातात: तुम्ही ४५ लिहिलं, फोनवर गेलं २०४५. हे माहीत नसलेला माणूस 'हा २०४५ आला कुठून' म्हणत हैराण होतो. माझ्या मते पडद्यावर नाव दाखवायला बिल्ड-कॉन्फिग पुरे. सर्व्हरला किंवा तक्रारीच्या नोंदीत जो आकडा जाणार, तो पॅकेज-मॅनेजरकडूनच घ्यावा.

आयफोनवर

ॲपलच्या बाजूला फंक्शनं सोपी, पण नावं फसवी आहेत. इन्फो-प्लिस्टमध्ये 'सीएफ-बंडल-शॉर्ट-व्हर्जन-स्ट्रिंग' अशी एक किल्ली आणि 'सीएफ-बंडल-व्हर्जन' अशी दुसरी. दुसरीचं नाव वाचून कोणालाही वाटेल की मुख्य व्हर्जन हेच. पण लोकांना दिसणारं व्हर्जन पहिल्या किल्लीत असतं आणि दुसरीत बिल्ड क्रमांक. एक्सकोड या ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनात याच दोघांना मार्केटिंग-व्हर्जन आणि करंट-प्रोजेक्ट-व्हर्जन म्हणतात, म्हणजे दोन गोष्टींना चार नावं झाली.

वाचताना मुख्य बंडलच्या (बंडल म्हणजे ॲपलचं पॅकेज) इन्फो-डिक्शनरीत ती किल्ली द्यायची आणि आलेली वस्तू स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणून घ्यायची. स्विफ्ट या ॲपलच्या भाषेत ती वस्तू असेलच याची हमी नसते, म्हणून नसल्यास काय दाखवायचं तेही लिहावं लागतं. बिल्ड क्रमांकही इथे स्ट्रिंगच असतो आणि त्यात '१२.३.१' असे टिंबांनी तोडलेले भाग असू शकतात. अँड्रॉइडच्या सवयीने त्याला पूर्णांकात बदलायला गेलात, तर हातात काहीच येणार नाही.

इन्फो-प्लिस्ट एडिटरमध्ये उघडली की व्हर्जनच्या जागी बहुधा आकडा दिसत नाही, डॉलरचं चिन्ह आणि कंसात चलाचं नाव दिसतं. खरा आकडा प्रोजेक्टच्या बिल्ड सेटिंग्जमध्ये असतो आणि बिल्ड होताना तो तिथे भरला जातो. २०२१ च्या एक्सकोड १३ पासून तर नव्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल बरेचदा वेगळी दिसतही नाही, तिच्यातला मोठा भाग सेटिंग्जमधून परस्पर तयार होतो. फाइल दिसत नाही म्हणून घाबरून हाताने नवी बनवू नये.

विजेट किंवा शेअर एक्स्टेन्शन (ॲपसोबत येणारे पण वेगळे चालणारे छोटे भाग) लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. एक्स्टेन्शनच्या कोडमध्ये 'मुख्य बंडल' म्हणजे ॲपचं बंडल नव्हे, त्या एक्स्टेन्शनचं. दोघांची व्हर्जनं वेगळी ठेवली असतील, तर विजेट एक सांगेल आणि ॲप दुसरं. ती जुळती असावीत असा ॲपलचा आग्रह आहेच, म्हणून आकडा प्रोजेक्टच्या पातळीवर लिहून दोघांना तोच घ्यायला लावावा. फ्रेमवर्कचं, म्हणजे ॲपमध्ये जोडलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं, याच्या उलट: तिच्या कोडमधून मुख्य बंडल विचारलं, तर जिच्या पोटात ती चालतेय त्या ॲपचं व्हर्जन मिळतं. फ्रेमवर्कचं स्वतःचं हवं असेल, तर तिच्यातला एखादा क्लास दाखवून 'याचं बंडल कोणतं' असं विचारावं लागतं.

एकाच कोडमधून दोन्हीकडे

फ्लटरमध्ये व्हर्जन पबस्पेक फाइलीत एकाच ओळीत येतं: ४.१२.०+३८७. अधिक चिन्हाच्या आधी नाव, नंतर बिल्ड. वाचायला 'पॅकेज-इन्फो-प्लस' हे प्लगइन आहे. उत्तर लगेच हातात पडत नाही, वाट पाहावी लागते, आणि ॲप सुरू होण्यापूर्वीच विचारायचं असेल तर आधी फ्लटरचं बाइंडिंग (सिस्टीमशी जोडणारा दुवा) उभं करून घ्यावं लागतं. अशीच इतर साधनं: रिॲक्ट नेटिव्हमध्ये 'डिव्हाइस-इन्फो' हे पॅकेज, एक्स्पोमध्ये 'एक्स्पो-ॲप्लिकेशन', डॉटनेट माउईत ॲप-इन्फो. सगळी शेवटी तोच प्रश्न त्याच सिस्टीमला विचारतात.

रिॲक्ट नेटिव्हवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. प्रोजेक्टच्या पॅकेज-जेसन फाइलीतही व्हर्जन असतं, आणि त्याचा स्टोअरवरच्या व्हर्जनशी आपोआप काही संबंध नसतो. त्यात काही संघ जावास्क्रिप्टचा भाग स्टोअरला वळसा घालून परस्पर अपडेट करतात. तेव्हा फोनवर एकाच वेळी दोन व्हर्जनं खरी असतात: बाहेरच्या पॅकेजचं एक, आत उतरलेल्या जावास्क्रिप्टचं दुसरं. अशा ॲपने तक्रारीत दोन्ही पाठवायला हवीत.

आकडा मिळाला, आता त्याचं काय करायचं

वाचणं सोपं होतं. खऱ्या चुका होतात त्या तुलना करताना. १.९.० मोठं की १.१०.०? माणूस लगेच दुसरं म्हणेल. पण दोन स्ट्रिंग म्हणून तुलना केली, तर यंत्र एकेक अक्षर बघत जातं, दुसऱ्या भागात १ आणि ९ समोरासमोर आले की ९ मोठा ठरवतं आणि १.९.० ला विजयी घोषित करतं. ही चूक नवव्या रिलीजपर्यंत लपून राहते आणि दहाव्याला उघडी पडते, तोवर ती लिहिणारा कदाचित दुसऱ्या कामावर गेलेला असतो. उपाय: टिंबांवर तुकडे करा, प्रत्येक तुकडा पूर्णांक करा, डावीकडून तुलना करा, कमी पडणारे तुकडे शून्य धरा. स्विफ्टमध्ये अंकांनुसार तुलना करणारा पर्याय तयार आहे, पण तो १.० आणि १.०.० यांना समान मानत नाही, हे ध्यानात असू द्या. अँड्रॉइडवर तर हा खटाटोपच नको, व्हर्जन-कोड हा पूर्णांक त्यासाठीच आहे.

अजून एक खोडी भाषेची. जावा किंवा कोटलिनमध्ये आकडे फॉरमॅट करून व्हर्जनची स्ट्रिंग बनवली आणि लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) सांगितलं नाही, तर फोनच्या भाषेचे अंक वापरले जातात. फोन मराठीत असेल तर सर्व्हरला '४.१२.०' देवनागरीत पोहोचतं. बिचाऱ्या सर्व्हरला ते अंक आहेत हेच समजत नाही. यंत्राने वाचायची स्ट्रिंग बनवताना लोकेल 'रूट' (कोणत्याही एका भाषेचं नसलेलं) आहे असं स्पष्ट सांगावं.

'नवीन काय' हा पडदा अपडेटनंतर एकदाच दाखवायचा, किंवा जुना डेटा नव्या रचनेत न्यायचा, यासाठी ॲपला मागच्या वेळचं व्हर्जन आठवावं लागतं. सिस्टीम फक्त आत्ताचं सांगते. म्हणून दर वेळी सुरू होताना जपून ठेवलेला आकडा वाचायचा, आत्ताच्याशी ताडून बघायचा आणि मग नवा लिहायचा. जपलेला आकडाच सापडला नाही, तर ते नवं इन्स्टॉल असेल किंवा आकडा जपत नसलेल्या जुन्या व्हर्जनवरून झालेलं अपडेट. अँड्रॉइडवर हे ओळखायला पहिल्या इन्स्टॉलची आणि शेवटच्या अपडेटची वेळ पॅकेज-मॅनेजरकडेच मिळते. दोन्ही सारख्या असतील तर ॲप नवं आहे. पण अँड्रॉइड ६ पासून ॲपच्या सेटिंग्जचा आपोआप बॅकअप होतो. त्यामुळे नव्या फोनवर नुकतंच इन्स्टॉल झालेलं ॲपही जुन्या फोनवरचा जपलेला आकडा घेऊन उभं राहू शकतं. शिवाय लोक एकेक व्हर्जन ओलांडत येत नाहीत. कोणी ३ वरून थेट ९ वर उडी मारतो, तेव्हा मधल्या सगळ्या पायऱ्यांचं काम कोडने करायला हवं. डेटाबेसच्या रचनेला तर स्वतःचा वेगळा क्रमांक असतोच. त्याला ॲपच्या व्हर्जनशी बांधण्याचा मोह टाळावा, दोघांची गती वेगळी असते.

राहिला 'ॲप जुनं झालं, अपडेट करा' हा संदेश. गूगल प्लेची इन-ॲप अपडेट ही सोय स्टोअरवर उपलब्ध असलेला व्हर्जन-कोड सांगते आणि अपडेटही ॲपच्या आतच करून देते, हवं तर काम चालू असताना, हवं तर सगळं थांबवून. पण 'यापेक्षा जुनं चालणार नाही' हा निर्णय आपल्या सर्व्हरवर ठेवावा हे बरं. ॲप प्रत्येक विनंतीसोबत आपलं व्हर्जन हेडरमध्ये (विनंतीला जोडलेल्या माहितीत) पाठवतं, सर्व्हर किमान व्हर्जनशी ताडून बघतो. ही तपासणी पहिल्याच रिलीजमध्ये घालावी लागते. ज्या जुन्या ॲपमध्ये ती नाही, त्याला अडवण्याचा सभ्य मार्ग नंतर सापडत नाही. आणि सर्व्हरने त्या हेडरवर सोयीपुरताच विश्वास ठेवावा. विनंती कोणीही हाताने बनवू शकतो आणि त्यात हवं ते व्हर्जन लिहू शकतो. संदेश कोणाला दाखवायचा हे त्यावरून ठरवलं तर हरकत नाही, पैशांचा व्यवहार कोणाला करू द्यायचा हे मात्र त्यावरून ठरवू नये.